दिवाणी आणि फौजदारी : भेद कसा पडला व तो का पाळावा

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकू येते. ती म्हणणारे वडीलधारेही प्रसंग आला म्हणजे ती पायरी चढतातच. कारण संसार म्हटला की वाटणी आली, शेताचा बांध आला, सामाईक भिंत आली, हातउसने पैसे आले, मृत्युपत्र आले आणि दत्तकही आले. म्हणीत पायरी एकच सांगितली आहे. प्रत्यक्षात पायऱ्या दोन आहेत, आणि त्या दोन निरनिराळ्या दारांकडे नेतात. एक दार दिवाणी न्यायाचे व दुसरे फौजदारी न्यायाचे. आपल्या संघाच्या सभासद कुटुंबांत जे कज्जे उद्भवतात, त्यांतील बहुतेक पहिल्या दाराचे असतात. पण रागाच्या भरात माणसे प्रथम दुसरेच दार ठोठावतात. त्यामुळे पैसा जातो, वर्षे जातात, आणि भाऊ भावास कायमचा अंतरतो. म्हणून या दोन न्यायांची फारकत कशी झाली व ती आपण का ओळखली पाहिजे, हे इतिहासाच्या आधारे थोडक्यात सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

दोन शब्दांचे मूळ

दिवाणी आणि फौजदारी हे दोन्ही शब्द मोगल राज्यकारभारातून आपल्या भाषेत आले. दिवाण म्हणजे वसुलाचा, हिशेबाचा मुख्य अधिकारी. जमीन, सारा, देणेघेणे यांचे तंटे साहजिकच त्याच्याकडे जात. फौजदार हा प्रांतातील बंदोबस्ताचा अधिकारी. चोर, दरोडेखोर, दंगेखोर यांचे पारिपत्य करणे हे त्याचे काम. एकाच्या हाती वहीखाते, दुसऱ्याच्या हाती शिपाई. आजही दोन न्यायांचा स्वभाव या मूळ अर्थांत ओळखू येतो.

इंग्रजी अंमलात या शब्दांना कायद्याचे निश्चित रूप मिळाले. १७६५ साली शहा आलम बादशहाने बंगाल, बिहार व ओरिसा यांची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीस दिली. तेव्हा फौजदारी अधिकार नावापुरते तरी नबाबाकडे राहिले. पुढे १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने दर जिल्ह्यास एक दिवाणी अदालत व एक फौजदारी अदालत अशी स्वतंत्र योजना केली, आणि त्यांवर कलकत्त्यास सदर दिवाणी व सदर निजामत अदालती बसविल्या. कर्ज कोणाचे आणि अपराध कोणाचा, हे दोन प्रश्न त्या वेळेपासून कागदोपत्री वेगळे झाले.

मराठेशाहीतील रीत

आपल्या महाराष्ट्रात याच सुमारास निराळी पद्धत चालू होती. वतनाचा, पाटीलकीचा, सीमेचा किंवा वाटणीचा तंटा पडला म्हणजे गोतसभा किंवा पंचायत बसे. पंचांचा निर्णय आपण मान्य करू, असा राजीनामा दोन्ही पक्षांकडून लिहून घेतला जाई. जामीन घेतले जात. साक्षीपुरावा होऊन निर्णय झाला म्हणजे उपस्थितांच्या निशाण्यांसह महजर तयार होई. हरणारा येजितखत लिहून देई. हे सर्व आजच्या भाषेत दिवाणी काम होय. खून, दरोडा, चोरी यांचा बंदोबस्त मामलेदार, सुभेदार, आणि पुण्यात कोतवाल हे करीत. अत्यंत गंभीर प्रकरण न्यायाधीशासमोर येई. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल राघोबादादांस दोषी ठरविणारे रामशास्त्री प्रभुणे आपणा सर्वांस ठाऊकच आहेत.

मात्र दोन्हींमधील रेषा तेव्हा आजच्याइतकी स्पष्ट नव्हती. वतनाचा कज्जा निकालात निघाला म्हणजे जिंकणाऱ्याकडून सरकार 'हरकी' घेई आणि हरणाऱ्याकडून 'गुन्हेगारी'. केवळ दावा हरला म्हणून द्यावयाच्या रकमेस 'गुन्हेगारी' हे नाव होते, ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे. हक्क शाबीत न होणे आणि अपराधी ठरणे यांत अंतर आहे, हा विचार त्या व्यवस्थेत पुरता रुजलेला नव्हता. आपल्या बोलण्यात तो अजूनही रुजलेला नाही. दावा हरलेल्या भाऊबंदास आपण आजही 'खोटा ठरला' म्हणतो. वस्तुतः न्यायालयाने एवढेच ठरविलेले असते की, त्या जमिनीवर त्याचा हक्क नाही.

पेशवाई गेल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली या प्रदेशाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीचे गुण व दोष दोन्ही नमूद आहेत. लोकांचा तिच्यावर विश्वास होता. पण काम लांबे, आणि निर्णय अमलात आणण्याचे बळ तिच्यापाशी नसे. १८२७ साली मुंबई इलाख्यासाठी जे रेग्युलेशनांचे कायदे झाले, त्यांत दिवाणी न्यायालये व फौजदारी अंमल यांची स्वतंत्र व्यवस्था लागली. दिवाणी दाव्यात लेखी कायदा नसेल तेथे देशरिवाज पाहावा, तोही नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि तोही नसेल तर न्याय व सदसद्विवेक यांस धरून निर्णय द्यावा, असा क्रम घालून दिला होता. पुढे १८५९ साली दिवाणी कामाची संहिता, १८६० साली भारतीय दंड संहिता व १८६१ साली फौजदारी कामाची संहिता असे तीन कायदे लागोपाठ झाले. १८६२ च्या ऑगस्टात मुंबईचे उच्च न्यायालय स्थापन झाले. आजच्या व्यवस्थेचा पाया तो हाच.

एकच अपकृत्य, दोन मार्ग

कृत्य एकच असले तरी त्याचा न्याय दोन्ही दारी मागता येतो. अब्रुनुकसानी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. करसनदास मुळजी यांनी आपल्या पत्रात वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या वर्तनावर टीका केली, तेव्हा जदुनाथजी महाराजांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात पन्नास हजार रुपयांच्या भरपाईचा दावा लावला. तो दिवाणी दावा होता. १८६२ च्या एप्रिलात त्याचा निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. महाराज हरले, पण त्यांना कोणी तुरुंगात टाकले नाही. आणि करसनदास हरते, तर त्यांनाही पैसेच भरावे लागते.

याउलट कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यासंबंधीच्या मजकुरावरून 'केसरी' व 'मराठा' पत्रांच्या चालकांवर जो खटला झाला, तो फौजदारी होता. १८८२ साली टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि सूट मिळून १०१ दिवस त्यांनी मुंबईस डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिले आहे. पहिल्या प्रकरणात प्रश्न होता, वादीचे नुकसान झाले काय व ते किती; दुसऱ्यात प्रश्न होता, आरोपीने दंडनीय अपराध केला काय.

ताई महाराज प्रकरण

या दोन मार्गांची सरमिसळ झाली म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने एका प्रकरणात चौदा वर्षे पाहिले. ते प्रकरण म्हणजे ताई महाराजांचे. ते एका घराच्या दत्तकावरून उद्भवले, म्हणून आपणांस विशेष बोधप्रद आहे.

पुण्यास राहणारे कोल्हापूरकडील सरदार बाबा महाराज पंडित हे १८९७ च्या ऑगस्टात पटकीने वारले. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी मृत्युपत्र करून लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे आदींस विश्वस्त नेमले. त्यांच्या पत्नी ताई महाराज तेव्हा गरोदर होत्या. पुढे मुलगा झाला, पण तो काही महिन्यांतच गेला. साहजिकच दत्तकाचा प्रश्न निघाला. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे जगन्नाथ नावाच्या मुलाचे दत्तविधान झाले, असे टिळकांचे म्हणणे. त्यानंतर ताई महाराजांचा विश्वस्तांशी बेबनाव झाला. ते दत्तविधान झालेच नाही, असे त्या म्हणू लागल्या. ऑगस्टात त्यांनी कोल्हापूरकडील बाळा महाराज यांस दत्तक घेतले, आणि मृत्युपत्राचे प्रोबेट रद्द व्हावे म्हणून पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज केला.

येथवर सर्व प्रश्न दिवाणी होता. दत्तक कोणता खरा, विश्वस्तांचा अधिकार राहिला की गेला, मिळकतीची व्यवस्था कोणी पाहावी, एवढेच ठरवावयाचे होते. परंतु न्यायाधीश ॲस्टन यांनी १९०२ च्या एप्रिलात प्रोबेट तर रद्द केलेच, शिवाय टिळकांवर खोटी साक्ष आदी आरोप ठेवून प्रकरण फौजदारीकडे पाठविले. प्रोबेट रद्द करण्याचा हुकूम उच्च न्यायालयाने त्याच वर्षी फिरविला. फौजदारी खटला मात्र चालूच राहिला. औरंगाबादेस दत्तविधान झाले, असे टिळकांनी शपथेवर सांगितले ते खोटे, हा त्याचा गाभा. १९०३ च्या ऑगस्टात मॅजिस्ट्रेट क्लेमेंट्स यांनी टिळकांस दीड वर्षाची सक्तमजुरी व एक हजार रुपये दंड ठोठावला. अपिलात सेशन्स न्यायाधीशांनी ती शिक्षा सहा महिन्यांवर आणली. १९०४ च्या मार्चमध्ये मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या पीठाने टिळकांस संपूर्ण दोषमुक्त केले.

सामान्य माणसास वाटेल की, तंटा येथे मिटला. तो मिटला नाही. टिळक गुन्हेगार नाहीत, एवढेच ठरले. दत्तक कोणता खरा, हे ठरले नव्हते. त्यासाठी दिवाणी दावा वेगळा चालला. पुण्याच्या न्यायालयाने १९०६ साली निकाल जगन्नाथ महाराजांच्या बाजूने दिला. उच्च न्यायालयाने १९१० साली तो फिरविला. त्या वेळी टिळक राजद्रोहाच्या शिक्षेपायी मंडालेस होते. अखेर १९१५ च्या मार्चमध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तकच खरे ठरविले. ताई महाराज स्वतः १९०३ सालीच निवर्तल्या होत्या. ज्यांच्या घराचा प्रश्न होता, त्यांस उत्तर ऐकावयास मिळाले नाही.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. १९०४ साली निर्दोष सुटलेल्या पक्षास १९१० साली दिवाणीत हार खावी लागली. म्हणजे फौजदारीत सुटणे हा हक्काचा पुरावा होत नाही. आणि १९१० साली हरला म्हणून तो पक्ष गुन्हेगारही झाला नाही. दुसरी गोष्ट अशी की, फौजदारी खटल्याने टिळकांची दोन वर्षे खाल्ली, मानहानी केली, काही दिवस तुरुंगही दाखविला. पण मूळ प्रश्न एक तसूभरही पुढे सरकला नाही.

भेद थोडक्यात

आता व्यवहारास उपयोगी अशा खुणा सांगतो. दिवाणीत जो मागतो तो वादी, ज्याच्याकडून मागतो तो प्रतिवादी. दाव्याला उत्तर म्हणजे कैफियत. निकालास हुकूमनामा म्हणतात, आणि तो अमलात आणण्यासाठी दरखास्त करावी लागते. फौजदारीत फिर्यादी तक्रार देतो; पण पोलिसांनी नोंदविलेला गुन्हा न्यायालयात गेला की खटला सरकारचा होतो, कारण अपराध साऱ्या समाजाविरुद्ध मानला जातो. म्हणून फिर्याद 'मागे घेतली' म्हणजे खटला संपला, ही समजूत चुकीची आहे. कायद्याने तडजोडीस योग्य मानलेले थोडे गुन्हेच पक्षकारांस आपसांत मिटविता येतात. दिवाणी दावा मात्र कोणत्याही टप्प्यावर समेटाने मिटू शकतो.

पुराव्याचे मापही निराळे आहे. दिवाणीत कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय आहे, हे पाहून पारडे झुकते. फौजदारीत आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, कारण तेथे माणसाचे स्वातंत्र्य पणास लागलेले असते. फळही वेगळे. दिवाणीत कब्जा, वाटणी, पैसे, भरपाई किंवा मनाई हुकूम मिळतो. फौजदारीत कैद किंवा दंड होतो. चुलत्यास शिक्षा झाली तरी सातबाऱ्यावर पुतण्याचे नाव आपोआप लागत नाही.

मुदतीकडे आमच्या बांधवांचे फार दुर्लक्ष होते. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे उसन्या पैशाच्या दाव्यास सामान्यतः तीन वर्षे, व मालकीच्या आधारे स्थावराचा कब्जा मागण्यास बारा वर्षे आहेत. पोलीस चौकीच्या फेऱ्यांत ही मुदत थांबून राहत नाही. 'घरचाच माणूस आहे, देईल' म्हणत तीन वर्षे गेली की, खरे देणेही न्यायालयात मागता येईनासे होते.

काही ठिकाणी दोन्ही दारे एकदम उघडी असतात. दिलेला धनादेश वटला नाही, तर पैशाचा दावा दिवाणीत लावता येतो. आणि १९८९ पासून हा दंडनीय अपराधही आहे. मात्र बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नंतर देणेकऱ्यास पंधरा दिवस, व त्यापुढे एका महिन्यात तक्रार, ही बंधने पाळावी लागतात. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा मिळाला. तो मागणे हा दिवाणी हक्क आहे, भावावरचा आरोप नव्हे. हिस्सा मागणाऱ्या भगिनीकडे आपण वैरीण म्हणून पाहतो, याचे मूळ या दोन न्यायांच्या गोंधळातच आहे. पण घरात तिचा छळ झाला, मारहाण झाली, तर तो अपराध होय. 'घरचा मामला' म्हणून तो दाबणे हाही तितकाच मोठा गोंधळ ठरेल.

ज्ञाती आणि न्याय

आपला हा संघ ज्ञातीचा आहे, म्हणून एक विषय टाळून चालणार नाही. १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनात असे होते की, जातीच्या अंतर्गत प्रश्नांत न्यायालयाने हात घालू नये. मात्र कोणाच्या बेकायदेशीर कृत्याने वादीच्या जातीस व अब्रूस बाधा आली असेल, तर भरपाईचा दावा चालावा. या मर्यादेचा अर्थ अनेक ज्ञातींच्या पुढाऱ्यांनी असा घेतला की, जात हेच तिसरे न्यायालय आहे. तो अर्थ टिकला नाही. महाराजांच्या दाव्यात साक्ष देणाऱ्यांस वाळीत टाकण्याचा कट मुंबईच्या भाटिया पुढाऱ्यांनी केला, तेव्हा त्यांच्यावर १८६१ साली फौजदारी खटला होऊन त्यांना दंड झाला.

पुढे १९४९ साली मुंबई राज्याने वाळीत टाकण्यास बंदी करणारा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या प्रकरणात तो घटनेविरुद्ध ठरविला. त्यानंतर महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा संमत केला व तो २०१७ साली अमलात आला. त्याप्रमाणे ज्ञातिपंचायतीने कोणास वाळीत टाकणे हा तीन वर्षांपर्यंतची कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंतचा दंड, अथवा दोन्ही, अशा शिक्षेस पात्र अपराध आहे. तेव्हा ज्ञातीने काय करावे व काय करू नये, हे स्पष्ट आहे. दोन्ही पक्षांस एकत्र बसवून समेट सुचविणे हे पुण्यकर्म होय. निर्णय लादणे, दंड करणे, पंगतीतून उठविणे हे अधिकार ज्ञातीस नाहीत. आणि मारहाण किंवा अत्याचार यांसारख्या अपराधावर ज्ञातीच्या बैठकीत पांघरूण घालण्याचा अधिकार तर कोणासच नाही. जुन्या पंचायतीचे जे चांगले होते, ते आज लोकन्यायालयाच्या रूपाने उपलब्ध आहे. तेथे दोन्ही पक्षांच्या संमतीने झालेला निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो व त्यावर अपील नसते.

आजची स्थिती

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रियेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आले आहेत. आपल्या तोंडी बसलेले 'चारशेवीस' हे फसवणुकीचे कलम आता ३१८ व्या क्रमांकावर गेले. दिवाणी कामाची १९०८ ची संहिता मात्र, वेळोवेळी दुरुस्त होत, अद्याप चालू आहे. क्रमांक बदलले तरी दोन दारे तीच राहिली. दिवाणी तंट्यास फौजदारीचा वेष चढवून दडपण आणण्याची प्रवृत्ती वाढते आहे, असा इशारा सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली इंडियन ऑईल कॉर्पोरेशनच्या एका प्रकरणात दिला होता. हेतुपुरस्सर खोटी फिर्याद देणे हा स्वतंत्र अपराध आहे, हेही विसरू नये.

तात्पर्य, कज्जा उपस्थित झाला म्हणजे प्रत्येकाने आपणास एकच प्रश्न विचारावा : मला माझे हक्काचे मिळावयास हवे आहे, की समोरच्याने केलेल्या अपराधाची शिक्षा त्यास व्हावयास हवी आहे? पहिले असेल तर कागदपत्रे जुळवावीत, मुदत पाहावी, समेटाचा प्रयत्न करावा, आणि न जमल्यास दिवाणी दावा लावावा. दुसरे खरोखरच असेल, तर कोणाचीही भीड न धरता पोलिसांत जावे. तेथे नात्याचा वा ज्ञातीचा संकोच धरू नये. भावाशी मिळकतीबद्दल दावा लढूनही सणास त्याच्या घरी जाता येते, हे आपल्या वाडवडिलांपैकी कित्येकांनी दाखविले आहे. त्यास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यावर मात्र ते दार पुन्हा उघडणे कठीण होते. आमच्या सभासद कुटुंबांनी, विशेषतः तरुण पिढीने, हा विवेक बाळगावा, अशी आमची नम्र विनंती आहे.